आठ विरुद्ध एक : नानावटी खटल्यातली ज्युरी निकालापर्यंत कशी पोहोचली

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी मुंबईच्या सेशन कोर्टात नऊ सामान्य नागरिकांच्या ज्युरीने (निकाल देणाऱ्या पंचमंडळाने) कमांडर कावस माणेकशॉ नानावटी यांना प्रेम आहुजा यांच्या खुनाच्या खटल्यात निर्दोष ठरवलं. आठ मतं निर्दोष, एक दोषी. न्यायाधीश आर. बी. मेहता यांना हा निकाल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टाने ती कायम केली.

इथवरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. तिच्यासोबत एक ठरलेलं स्पष्टीकरणही येतं : रुबाबदार नौदल अधिकारी, फसवला गेलेला नवरा, त्याच्या पाठीशी उभं राहिलेलं साप्ताहिक आणि भावनेच्या भरात वाहून गेलेली ज्युरी. मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं. त्या आठ जणांवर ते अन्यायही करतं. सुप्रीम कोर्टाचं निकालपत्र सावकाश वाचलं की दिसतं, ज्युरीपुढे प्रश्न कसा मांडला गेला आणि कायद्याचा कुठला भाग तिला नीट सांगितलाच गेला नाही, यावर या निकालाचा बराचसा भाग उभा आहे.

ती दुपार

तारीख २७ एप्रिल १९५९. नानावटी 'आयएनएस म्हैसूर' या युद्धनौकेवर दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते आणि १८ एप्रिललाच सफरीवरून परतले होते. पत्नी सिल्व्हिया इंग्लंडच्या; १९४९ साली पोर्ट्समथला दोघांचं लग्न झालं होतं. तीन मुलं होती. प्रेम आहुजा मुंबईत मोटारींचा व्यवसाय करत, आणि मित्रांकरवी त्यांची या कुटुंबाशी ओळख झाली होती. त्या दिवशी सिल्व्हियांनी नवऱ्याला आहुजांशी असलेल्या संबंधांची कबुली दिली.

त्यानंतरच्या घटनाक्रमाबद्दल दोन्ही पक्षांत फारसा वाद नव्हता. नानावटींनी पत्नी आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं. तिथून ते जहाजावर गेले. रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचंय, असं सांगून त्यांनी शस्त्रभांडारातून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. रिव्हॉल्व्हर खाकी पाकिटात ठेवलं. आधी आहुजांच्या पेडर रोडवरच्या कचेरीत चौकशी केली. तिथे ते नव्हते, म्हणून नानावटी घरी गेले. नोकराने दार उघडलं. ते बेडरूममध्ये शिरले आणि दार लावून घेतलं. वेळ चार वाजून वीस मिनिटांच्या आसपास. तीन गोळ्या सुटल्या. आहुजांची बहीण मेमी त्या वेळी घरातच होती. नानावटी बाहेर आले, गाडीत बसले आणि थोड्या वेळाने पोलीस उपायुक्त जॉन लोबो यांच्यापुढे स्वतःहून हजर झाले.

वाद उरला तो बंद दाराआडच्या काही क्षणांचा. तिथे तिसरा माणूस नव्हता.

दोन कथा, आणि मधली वाट

सरकार पक्षातर्फे सी. एम. त्रिवेदी यांनी मांडलेली कथा सरळ होती. शस्त्र खोटं कारण सांगून घेतलं, माणसाला शोधत दोन ठिकाणी गेले, दार लावलं, गोळ्या घातल्या. हा ठरवून केलेला खून.

बचाव पक्षाची बाजू कार्ल खंडालावाला यांनी मांडली. (भारतीय चित्रकलेचे अभ्यासक म्हणून त्यांचं नाव आजही घेतलं जातं, ते हेच.) त्यांच्या कथेत रिव्हॉल्व्हर नानावटींनी स्वतःला संपवण्यासाठी घेतलं होतं. आहुजांकडे ते एक प्रश्न घेऊन गेले : सिल्व्हियाशी लग्न करून मुलांचा सांभाळ करणार का? आहुजांनी तुच्छतेने उत्तर दिलं, जिच्याजिच्याशी संबंध आला तिच्याशी लग्न करायचं का, अशा अर्थाचं. नानावटींनी पाकीट बाजूला ठेवलं होतं, ते घ्यायला आहुजा झेपावले. झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या. म्हणजे अपघात.

आता इथे जरा थांबायला हवं, कारण निकालाचं मर्म इथे आहे. नानावटींवर आरोप दोन होते. पहिला दंडविधानाच्या कलम ३०२ खाली खुनाचा, आणि पर्यायी आरोप कलम ३०४ च्या पहिल्या भागाखाली, सदोष मनुष्यवधाचा. मधली वाट ज्युरीसाठी उघडी होती. पत्नीची कबुली ऐकून माणसाचा तोल गेला आणि त्याने मारलं, असं ज्युरीला वाटलं असतं तर कायद्यात त्याला नाव होतं : गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ. पण प्रक्षोभ मान्य झाल्याने कुणी सुटत नाही. गुन्हा खुनावरून मनुष्यवधावर उतरतो, शिक्षा होतेच.

मुंबईतल्या चाळीत, ट्रामवर, क्लबात लोक जे म्हणत होते ते हेच होतं : 'त्याच्या जागी कुणीही असता तर असंच केलं असतं.' या वाक्याचं कायद्यातलं उत्तर कलम ३०४ होतं. ज्युरीने तर दोन्ही आरोपांवर 'निर्दोष' म्हटलं. त्या उत्तराला कायद्यात एकच आधार होता, तो म्हणजे अपघाताची कथा. म्हणून 'ज्युरीने अब्रूसाठी केलेला खून माफ केला' असं आपण सहज म्हणतो तेव्हा विसरतो, की ज्युरीने कागदोपत्री सांगितलं ते वेगळंच होतं : सरकार पक्षाला गुन्हा सिद्ध करता आलेला नाही.

त्या आठ जणांच्या मनात सहानुभूती नव्हती, असं मी मुळीच म्हणत नाही. ती असणारच. पण नुसत्या सहानुभूतीने निकाल देता येत नाही. तिला कुठल्या तरी दारातून बाहेर पडावं लागतं. बचाव पक्षाने प्रक्षोभावर भर न देता अपघातावर भर दिला, त्यामुळे ते दार पूर्ण सुटकेचं होतं. वकिली म्हणून ही फार धाडसाची खेळी होती. सगळं किंवा काहीच नाही.

न्यायाधीशांनी काय सांगितलं, काय सांगितलं नाही

ज्युरी पद्धतीत कामाची वाटणी ठरलेली असे. तथ्यं ज्युरी ठरवणार, कायदा न्यायाधीश सांगणार. पुरावा आणि युक्तिवाद संपले की न्यायाधीश ज्युरीपुढे समारोपाचं निरूपण करत. कोणता मुद्दा कुणी सिद्ध करायचा, किती खात्री हवी, कुठला पुरावा कशासाठी वापरायचा, हे सगळं त्यातून कळायचं. ज्युरीत बसलेल्या माणसाला कायदा कळण्याचा अधिकृत मार्ग एवढाच.

हायकोर्टाने या निरूपणातच गंभीर दोष काढले आणि सुप्रीम कोर्टानेही ते दोष मान्य केले. 'ज्युरी भुलली' असं सांगताना हा भाग हमखास गळतो.

सगळ्यांत मोठा दोष शाबितीच्या भाराचा. आरोपी निर्दोष आहे असं धरून चालायचं आणि गुन्हा सरकार पक्षाने वाजवी संशयापलीकडे सिद्ध करायचा, हे सामान्य तत्त्व. पण आरोपी म्हणाला की 'कृत्य घडलं खरं, पण ते अपवादात बसतं', तर तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम १०५ पुढे येई. तो अपवाद लागू नाही असं कोर्टाने गृहीत धरायचं आणि तो लागू असल्याचं आरोपीने दाखवायचं. अपघात हा असा अपवाद, तेव्हाच्या दंडविधानाचं कलम ८०. त्याच्याही अटी होत्या : कृत्य कायदेशीर हवं, कायदेशीर रीतीने आणि साधनांनी केलेलं हवं, योग्य ती काळजी घेतलेली हवी, गुन्ह्याचा हेतू किंवा जाणीव नको. भरलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन दुसऱ्याच्या बेडरूममध्ये शिरून दार लावणं या अटींत बसतं का? हा प्रश्न ज्युरीपुढे अशा स्पष्ट शब्दांत यायला हवा होता. तो आला नाही. कलमाचे घटक समजावले गेले नाहीत, आणि ते दाखवण्याचा भार आरोपीवर आहे हेही ज्युरीला सांगितलं गेलं नाही.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. ज्युरीतल्या माणसाच्या हातात एकच माप उरतं : 'सरकार पक्षाने खात्री पटवली का?' बंद दाराआड काय घडलं ते पाहणारा कुणी नाही. झटापट झालीच नाही, अशी शपथ घेणारा कुणी नाही. मग प्रामाणिक माणूसही म्हणेल, 'झाली असेल, नसेल. शंका आहे, आणि शंकेचा फायदा आरोपीला.' एवढं एक माप हाती असताना 'निर्दोष' म्हणणं मला वेडेपणाचं वाटत नाही.

खरं तर हा कायदा वकिलांनाही गोंधळात टाकणारा आहे. न्या. सुब्बा राव यांनी सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रात तो उलगडून दाखवला. आरोपीला अपवाद पुरता सिद्ध करता आला नाही, तरी त्याच्या पुराव्यामुळे गुन्ह्याच्या मूळ घटकांबद्दल, समजा हेतूबद्दल, वाजवी संशय निर्माण होऊ शकतो. तसं झालं तर तो सुटतो. म्हणजे दोन भार एकाच वेळी दोन खांद्यांवर असतात आणि एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतो. हे नऊ सामान्य नागरिकांना कानांनी ऐकून समजून घ्यायचं होतं. ज्यावर देशातल्या सर्वोच्च न्यायालयाला पानंच्या पानं लिहावी लागली, ते त्यांनी आपोआप ओळखायला हवं होतं, ही अपेक्षा मला अवाजवी वाटते.

दुसरा दोष परिस्थितीजन्य पुराव्याचा. त्याचा नियम ज्युरीला सांगितला गेला, पण या खटल्यातली परिस्थिती एकेक करून त्या नियमाला लावून दाखवली गेली नाही. सिल्व्हियांनी आहुजांना लिहिलेल्या पत्रांचं महत्त्वही नीट पुढे आलं नाही. त्या पत्रांवरून दिसतं की सिल्व्हियांना आहुजांशी लग्न करायचं होतं आणि तो विषय दोघांत बराच आधीपासून चाललेला होता.

टॉवेल

वगळलेल्या परिस्थितीत काय होतं, ते एका वस्तूवरून कळतं. आहुजा नुकतेच न्हाणीघरातून बाहेर आले होते, कमरेला फक्त टॉवेल होता. ते मेलेले आढळले तेव्हाही टॉवेल कमरेलाच होता.

नौदलातला धडधाकट अधिकारी आणि चौतिशीतला माणूस रिव्हॉल्व्हरसाठी एकमेकांशी झोंबतात, हात पिरगाळले जातात, गोळ्या सुटतात, माणूस कोसळतो, आणि गाठ न मारता खोचलेला टॉवेल जागचा हलत नाही. हे घडणं शक्य आहे का? अशक्य म्हणता येणार नाही, पण पटणं फार अवघड आहे. हीच गोष्ट जखमांची. एक छातीवर, एक डाव्या हाताच्या बोटांमधल्या बेचक्यात, एक डोक्याला. सरकार पक्षाच्या डॉक्टरांच्या मते त्या झटापटीशी जुळत नव्हत्या. बचाव पक्षाने डॉ. ए. व्ही. बाळिगा यांना साक्षीला आणलं आणि झटापटीत अशा जखमा होऊ शकतात, असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. बाळिगा हे त्या काळच्या मुंबईतलं मोठं नाव. एका बाजूला पोलीस सर्जन आणि दुसऱ्या बाजूला शहराचा लाडका शल्यविशारद असला की ज्युरीला तज्ज्ञांमध्ये निवड करावी लागते, आणि तिथेही शंकेला जागा मिळते.

शिवाय नानावटींचं नंतरचं वागणं. घरातून बाहेर पडताना 'अपघात झाला' असं ते मेमींना म्हणाले नाहीत. वॉचमनला त्यांनी सांगितलं ते आहुजांच्या आपल्या पत्नीशी असलेल्या संबंधांबद्दल. लोबोंपुढे कबुली देताना झटापटीचा शब्द नव्हता. उलट पोलिसांच्या नोंदीत आपल्या नावाचं स्पेलिंग चुकलंय, ते त्यांनी दुरुस्त करून घेतलं. भांबावलेला माणूस हे करत नाही, असा सरकार पक्षाचा मुद्दा होता. मला तो बिनतोड वाटतो.

म्हणजे पुरावा भक्कम होता. मी स्वतः हायकोर्टाच्याच बाजूचा आहे : हा खून होता. माझं म्हणणं इतकंच, की तो पुरावा आणि योग्य माप या दोन्ही गोष्टी ज्युरीच्या हाती एकत्र कधी दिल्या गेल्या नाहीत.

कोर्टाबाहेरचा आवाज

आर. के. करंजिया यांचं 'ब्लिट्झ' हे साप्ताहिक उघडपणे नानावटींच्या बाजूने होतं. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला गेला, असं सांगितलं जातं. रस्त्यावर 'आहुजा टॉवेल' आणि 'नानावटी रिव्हॉल्व्हर' नावाची खेळणी विकायला आली. नानावटी कोर्टात पांढऱ्याशुभ्र गणवेशात, पदकं लावून येत. खटला २३ सप्टेंबरला सुरू झाला आणि जवळपास महिनाभर चालला. या सगळ्याचा ज्युरीवर काहीच परिणाम झाला नाही, असं कुणी म्हणू नये.

पण बाहेरचं वारं ज्युरीला लागतं, हे मराठी माणसाला नानावटींच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. १८९७ साली टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात सहा युरोपीय ज्युरर 'दोषी' म्हणाले आणि तीन भारतीय 'निर्दोष'. १९०८ साली ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते, आणि निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. तिथे तर वारं समाजाच्या रेषेवरून फाटलेलं स्पष्ट दिसतं. टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि त्या ज्युरीला कुणी 'भावनेत वाहून गेलेली' म्हणत नाही.

विपर्यस्त, पण कुणाच्या मते?

त्या काळच्या इंग्लंडमध्ये ज्युरीने निर्दोष म्हटलं की विषय संपत असे. आपल्याकडे सेशन कोर्टातल्या ज्युरीला एवढा मान कधीच नव्हता. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ नुसार ज्युरीशी मतभेद झालेला न्यायाधीश, न्यायासाठी गरजेचं आहे असं त्याचं स्पष्ट मत असेल तर, प्रकरण हायकोर्टाकडे पाठवू शकत होता. मेहतांनी तेच केलं. ज्युरीपुढे सदोष निरूपण करणारे न्यायाधीश आणि ज्युरीचा निकाल अमान्य करणारे न्यायाधीश एकच होते, ही गोष्ट मला या प्रकरणात सतत टोचत राहते.

हायकोर्टात न्या. शेलत आणि न्या. नाईक यांनी शिक्षा एकमताने दिली, पण वाटा वेगळ्या घेतल्या. शेलतांनी आधी निरूपणातले दोष दाखवले, मग सगळा पुरावा नव्याने तपासला आणि खून सिद्ध धरला. नाईकांनी दुसरा आधार घेतला : कुठल्याही सुज्ञ माणसांच्या समूहाला असा निष्कर्ष काढता येणार नाही, म्हणजे निकाल विपर्यस्त आहे. या दोन्हींत मोठं अंतर आहे. शेलतांच्या मुख्य वाटेने गेलं तर चूक वरून, कायदा सांगणाऱ्याकडून सुरू होते. नाईकांच्या वाटेने गेलं तर ज्युरीच अडाणी ठरते. लोकांच्या आठवणीत दुसरीच वाट राहिली.

मार्च १९६० मध्ये जन्मठेप झाली आणि राज्यपाल श्रीप्रकाश यांनी तिला लगेच स्थगिती दिली. नानावटी नौदलाच्या ताब्यातच राहिले. अपील प्रलंबित असताना ही स्थगिती चालू राहू शकत नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने त्याच वर्षी ठरवलं. मग २४ नोव्हेंबर १९६१ ला अपीलही फेटाळलं गेलं. प्रक्षोभाचा मुद्दा तिथे मधे गेलेल्या वेळामुळे अडला. दीड वाजता घर सोडलं, चार वीसला गोळ्या सुटल्या. मधल्या वेळात जहाज, बहाणा, कचेरी, घर. तोल सावरायला एवढा अवधी पुरेसा होता, असं कोर्टाने म्हटलं. प्रक्षोभाची ही कसोटी आजही कायद्याच्या वर्गात शिकवली जाते.

ज्युरी कुणी संपवली?

'नानावटी खटल्यामुळे भारतातली ज्युरी बंद झाली' हे वाक्य इतकं रुळलंय की ते कुणी तपासत नाही. एम. सी. सेटलवाड अध्यक्ष असलेल्या विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात ज्युरी रद्द करण्याची शिफारस केली ती १९५८ साली, म्हणजे या गोळ्या सुटण्याच्या आधी. काही राज्यांनी ज्युरी आधीच गुंडाळली होती, काहींनी नंतर. कलकत्त्यात तर ती पुढेही चालू होती. १९७३ च्या नव्या संहितेत तिला जागाच उरली नाही. नानावटींच्या निकालाने फार तर आधीच ठरलेल्या गोष्टीला लोकांना पटेल असं कारण दिलं.

१९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. दुसऱ्याच एका प्रकरणात शिक्षा झालेले सिंधी समाजातले व्यापारी भाई प्रताप यांनाही त्याच सुमारास माफी मिळाली. आहुजा सिंधी, नानावटी पारशी, आणि दोन्ही समाज दुखावले जाऊ नयेत म्हणून हा मेळ घातला गेला. खटल्यात आहुजांच्या बाजूने लक्ष घालणारे राम जेठमलानी यांनी नंतर सांगितलं, की मेमींनी या माफीला हरकत नसल्याचं लिहून दिलं होतं. १९६८ मध्ये नानावटी कुटुंब कॅनडाला गेलं, आणि २००३ साली नानावटी वारले.

विद्यार्थी हे निकालपत्र उघडतात ते बहुधा प्रक्षोभाच्या परिच्छेदासाठी. माझी त्यांना विनंती आहे की आधी कलम १०५ आणि कलम ८० वरचा भाग वाचा, आणि मेहतांनी ज्युरीला काय सांगायला हवं होतं ते स्वतःच्या शब्दांत, साध्या मराठीत, कायदा न शिकलेल्या नऊ जणांना समजेल असं लिहून पाहा.